छतावरचा अँटेना आणि डिजिटल दूरदर्शन

संपादक महोदय,

दूरदर्शनने २०१६ मध्ये मुंबई, औरंगाबादसह १६ शहरांत मनोऱ्यावरून डीव्हीबी-टी२ (साध्या अँटेनाने घ्यायचे डिजिटल) प्रक्षेपण सुरू केले. ते घेण्यासाठी टीव्हीत किंवा वेगळ्या बॉक्समध्ये टी२ ट्यूनर (हा सिग्नल पकडणारा भाग) हवा. फ्री डिशचा बॉक्स इथे चालत नाही, तो उपग्रहाचा. टीव्हीच्या खोक्यावर नुसते ‘डिजिटल’ छापलेले पाहून फसू नये.

अँटेना यूएचएफ, म्हणजे आखूड तरंगलांबीचा हवा. ६०० मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी २५ सेंटीमीटर, म्हणून दांड्या वीतभरच असतात. जुना लांब दांड्यांचा व्हीएचएफ (लांब तरंगांचा) अँटेना इथे कुचकामी. आखूड दांड्यांची बाजू मनोऱ्याकडे, दांड्या जमिनीला समांतर.

सिग्नलची खरी गळती केबलमध्ये. टीव्हीची नेहमीची आरजी-६ केबल ३० मीटरला सुमारे ५ डेसिबल (सिग्नलची घट मोजण्याचे एकक) खाते, दोन टीव्हींना सिग्नल वाटणारा स्प्लिटर आणखी साडेतीन. बूस्टर (सिग्नल वाढवणारे यंत्र) लावायचाच तर वर, अँटेनापाशी. टीव्हीमागे लावला तर केबलने खाल्लेले परत मिळत नाही, गोंगाट मात्र वाढतो. वरच्या बूस्टरला वीज केबलमधूनच जाते, त्यामुळे मधला स्प्लिटर वीज अडवणारा असेल तर बूस्टर मुकाच! मनोरा जवळ असेल तर बूस्टर काढून टाका. जादा सिग्नलनेही चित्र चौकोनी तुकड्यांत फुटते.

अँटेनाची दिशा ठरवताना टीव्हीच्या सेटिंगमधली ‘स्ट्रेंग्थ’ नव्हे, ‘क्वालिटी’ची पट्टी पाहावी. ॲनालॉगसारख्या मुंग्या येत नाहीत. चित्र एकतर स्वच्छ, नाहीतर तुटक किंवा गायब. पहिल्या पावसात गायब झाले तर आधी वरचा कनेक्टर उघडा. तांब्याची तार हिरवी पडली असेल तर तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर लावा आणि वरून रबरी टेप गुंडाळा.

– एक वाचक, मुंबई