शब्दाचं गाव विचारायला शिकवलंत, सर

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

उदगीरच्या वाचनालयात संध्याकाळी तुम्ही आम्हाला इंग्रजी शिकवलंत, एक पैसाही न घेता. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

स्पर्धा परीक्षेसाठी आम्ही शब्दांच्या याद्या घोकायचो आणि विसरायचो. तुम्ही म्हणालात, "दारात पाहुणा आला की आधी गाव विचारता ना? मग शब्दालाही विचारा की." जुन्या पेपरांच्या कोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्या केल्यात. पुढे शब्द, मागे त्याचं गाव. 'क्वारंटाइन'च्या मागे व्हेनिस आणि चाळीस दिवस, कारण साथीच्या धास्तीनं जहाजं तेवढे दिवस अडवून ठेवायचे. 'मसल'च्या मागे लॅटिनमधला छोटा उंदीर.

'बँडिकूट' म्हणजे घूस, हे सांगून तुम्ही देगलूरकडच्या मुलीला उभं केलंत. तिच्या घरी तेलुगू. "पंदिकोक्कु!" ती पटकन म्हणाली. पंदी म्हणजे डुक्कर, कोक्कु म्हणजे उंदीर. एरवी इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसणारी ती, त्या दिवशी आम्हाला शिकवत होती. 'मंगूस' तर आपल्याच मराठी मुंगसावरून गेलेला! इंग्रजी परक्याची आहे ही माझी भीती तिथं गेली.

आणखी एक आठवतं. सापाला जुन्या इंग्रजीत 'नॅडर' म्हणत. तुम्ही फळ्यावर 'अ नॅडर' लिहिलंत, मधला न पुसून आधीच्या 'अ'ला जोडलात, आणि झालं 'अ‍ॅन अ‍ॅडर'. बोलणाऱ्यांच्या तोंडात शब्द कसा तुटतो, ते डोळ्यांनी दिसलं.

पण सर, सगळ्यात मोठं ऋण वेगळंच आहे. 'सॅलरी'चं नातं लॅटिनमधल्या मिठाशी आहे हे खरं, पण रोमन सैनिकांना पगारात मीठच मिळायचं याला भक्कम पुरावा नाही, असं तुम्ही बजावलंत. गोष्ट गोड आहे म्हणून ती खरी धरायची नाही, ही शिस्त मला दुसऱ्या कुणीच लावली नाही.

आता मी शिकवते. माझी लेकरंही चिठ्ठ्या करतात. 'डंगरीज' हा कपडा मुंबईच्या डोंगरीवरून आला, हे त्यांनी स्वतः शोधलं. दिवाळीत गठ्ठा घेऊन येते. लाल पेन तयार ठेवा, काही चिठ्ठ्यांबद्दल मला शंका आहे.

तुमची विद्यार्थिनी