मर्यादा वाढली, पण व्याजाचे काय?

क्रेडिट कार्डाची मर्यादा वाढवून घेण्याचे फायदे सांगणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. आईला मध्यरात्री रुग्णालयात दाखल करताना अनामत रक्कम मी कार्डानेच भरली होती, त्यामुळे ती सोय मी नाकारत नाही. मात्र बिलावरील ‘किमान देय रक्कम’ तेवढी भरली, तर उरलेल्या रकमेवर दरमहा तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज लागते आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, याचा लेखात उल्लेख नाही. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय मर्यादा वाढवू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. पण ती संमती मोबाइलवरच्या एका बटणापुरती (तेही बहुधा घाईत दाबलेल्या) उरली असल्याने, व्याजाचा वार्षिक दर त्या बटणाशेजारीच छापणे बँकांना बंधनकारक करावे.

– एक वाचक, कोथरूड, पुणे