रायफल तुझ्या मापाची हवी

चि. ईशा हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी ती वापरलेली जर्मन एअर रायफल घ्यायची नाही म्हणालो, तर "नाही घ्यायची म्हणजे काय?" एवढंच बोललीस आणि गप्प झालीस. मामाकडे वर्ध्याला सगळ्यांसमोर तुला बोलता आलं नसेल. मलाही कारण धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

ती जर्मन रायफल मी रविवारी रेंजवर जाऊन पुन्हा पाहिली. बॅरल सुरेख आहे, ट्रिगर तर बोटाला कळायच्या आत सुटतो. पण नळीखालचा हवेचा सिलेंडर फिरवून टॉर्च मारला, तर त्यावर बनवल्याचं साल २०१२ कोरलेलं. असे सिलेंडर बनवणारेच दहा वर्षांची मुदत देतात, आणि मुदतीतला सिलेंडर घेऊन उतरण्याची जबाबदारी स्पर्धेत नेमबाजाचीच धरतात. विकणारे म्हणाले, "काही होत नाही, मी रोज भरतो." बेटा, मी वीस वर्षं हिंगण्याला कॉम्प्रेसर दुरुस्त करतोय. माझ्या मनगटावरचा व्रण तू लहानपणापासून पाहतेस, तो दहा बार दाबाच्या हवेचा पाइप सुटल्याचा आहे. इथे दोनशे बार तुझ्या डाव्या हाताला लागून असणार.

नवा सिलेंडर मागवता येईल, हे खरं. पण त्या दिवशी तू ती खांद्याला लावलीस तेव्हा मी मागेच उभा होतो. खांद्याला टेकणारी बटप्लेट पार आत घेतली तरी तुझी मान पुढे ताणली जात होती, गाल टेकवायच्या चीकपीसवर गाल टेकतच नव्हता, आणि पाचव्या मिनिटाला नळी खाली झुकायला लागली. सामन्यात ७५ मिनिटांत ६० गोळ्या मारायच्या असतात. दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, खसखशीच्या दाण्याहून बारीक. मान आखडलेली असली तर तो दिसूनही उपयोग नाही. नियमात साडेपाच किलोपर्यंत चालते, म्हणून तू आत्ताच तेवढी जड उचलायला हवी असं नाही.

पीसीपीच, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारीच हवी, हा तुझा हट्ट मात्र मला पटलाय. तुझ्या आत्ताच्या स्प्रिंगच्या बंदुकीत छर्रा नळीतून सुटायच्या आत पिस्टन धाडकन पुढे येतो आणि हात हलतो. पीसीपीत आतल्या हॅमरने व्हॉल्व्हला टिचकी मारली की ठरलेली मात्राच सुटते. मधला रेग्युलेटर सिलेंडरमधला दाब उतरत गेला तरी पुढे तोच दाब देत राहतो. पहिली गोळी आणि शंभरावी गोळी सारखी जाते ती त्याच्यामुळे. म्हणून पैसे घालायचे तर रेग्युलेटरवर आणि मापात बसणाऱ्या दस्त्यावर, नावावर नाही. भारतात बनलेल्या मॅच रायफली मी पाहतोय. चीकपीस आणि बटप्लेट दोन्ही सरकणाऱ्या हव्यात, तू अजून वाढते आहेस.

हवा भरायला आपल्या दुकानातला कॉम्प्रेसर चालत नाही, तो दहा बारच्या पुढे जात नाही. डायव्हिंगचा सिलेंडर किंवा हातपंप लागेल. परवा दुकानातला पोरगा सहज म्हणाला, शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून भरून आणू का? त्याच्याकडे ऑक्सिजन असतो. मी तिथेच त्याला बसवून समजावलं, तूही ऐक: ऑक्सिजन कधीच नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलाचा एक थेंब एकत्र आले की आत भडका उडतो.

आणि नवतप्याच्या उन्हात सिलेंडर गाडीच्या डिक्कीत ठेवायचा नाही. पंचवीस अंशाला दोनशे बार भरलेला सिलेंडर साठ अंशाला तापला की सव्वादोनशेच्या घरात जातो.

आईला लायसन्सची काळजी आहे, तिला सांग. ०.१७७ बोअरच्या आणि वीस जूलच्या आतल्या एअर रायफलला ते लागत नाही. मॅच रायफल आठ जूलच्या आसपासच असते. बिल आणि ओळखपत्र जपून ठेवू. उरलेल्या पैशांत वेगवेगळ्या बॅचचे छर्रे आणू, नळीला कुठला मानवतो ते तूच कागदावर मारून बघ. छर्रे शिशाचे असतात, हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावू नकोस.

शनिवारी येताना मामाकडे विसरलेलं शूटिंग जॅकेट आण. ते अंगात घालूनच माप घ्यावं लागतं, नाहीतर दस्ता पुन्हा लांब निघेल.

तुझा,
बाबा