‘जसे आहे, जेथे आहे’ म्हणजे नेमके कसे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकाच्या आतल्या पानांवर बांधकाम यंत्रांच्या लिलावाच्या जाहिराती येतात. पोकलेन दोन, रोलर एक, मिक्सर तीन; विक्री ‘जसे आहे, जेथे आहे’ तत्त्वावर, म्हणजे यंत्र असेल त्या स्थितीत, असेल तिथून उचलायचे, नंतर तक्रार नाही. या चार शब्दांखाली काय काय झाकले जाते ते मी वर्कशॉपमध्ये उभे आयुष्य काढताना पाहिले आहे. झाकणाऱ्यांत एकदा मीही होतो, म्हणून हे पत्र.

एका ठेकेदाराकडे मी फोरमन असतानाची गोष्ट. आमच्याकडे २० टनी पोकलेन होते. (पोकलेन हे खरे तर एका फ्रेंच कंपनीचे नाव, पण आपण कुठल्याही कंपनीच्या खोदाई यंत्राला तेच म्हणतो, तसा मीही म्हणतो.) अशा यंत्राने १०,००० तास भरले की जाणता माणूस त्याच्याकडे संशयाने बघू लागतो. आमचे १८,००० च्या पुढे गेले होते. बूमच्या, म्हणजे बकेट उचलणाऱ्या मोठ्या लोखंडी हाताच्या, मुळाशी दोनदा तडा गेला, दोनदा वेल्डिंग केले. वरचा भाग ज्या मोठ्या बेअरिंगवर फिरतो त्यात खुळखुळा होता, फिरण्याचा ब्रेक उशिरा धरायचा. ते विकायला काढले तेव्हा मालक म्हणाले, “फोरमन, कागदावर ‘चालू स्थिती’ लिहा.” चावी फिरवली की इंजिन चालू होत होते, तेव्हा खोटे काहीच नव्हते. मी सही केली.

दोनेक वर्षांनी वेगळ्याच कामासाठी एका साइटवर गेलो, तर समोर तेच यंत्र. रंग नवा, स्टिकर नवे, तासांच्या मीटरवर आकडा ६,००० च्याही आत. ओळखले ते बकेटच्या कडेला मी लावलेल्या लोखंडी पट्टीवरून. घाईत केलेला तो वेल्ड वाकडा होता आणि रंगाखालीही वाकडाच दिसत होता. ऑपरेटर विशीतला पोरगा. कौतुकाने सांगत होता, “काका, शेठनी नवंच आणलंय. फक्त उतारावर फिरवलं की लवकर थांबत नाही.” बूमखाली कुणाला उभे राहू देऊ नकोस, तडा कुठे जातो ती जागा रोज बघ, एवढे त्याला सांगितले. माझ्या सहीबद्दल काही बोललो नाही.

तेव्हापासून माझे मत एकच आहे. जुने यंत्र विकायचे तर यंत्र म्हणून विकावे, सोबत खरे तास आणि दुरुस्तीची वही द्यावी. नाही तर भंगार म्हणून विकावे, आणि पुन्हा कुणी उभे करू शकणार नाही असे तोडून. ‘चालते तोवर चालू द्या’ म्हणत जो तिसरा सौदा होतो, त्याची किंमत शेवटी सीटवर बसलेला माणूस मोजतो.

विकत घेणाऱ्याला यातले काही कळू शकते. मीटर बदलता येतो, पण अलीकडच्या यंत्रांत इंजिनाच्या कंट्रोलरमध्येही तास नोंदलेले असतात, ते मागून घ्यावेत. नसतील तर बकेट जमिनीला टेकवून हलकेच उचलावी. सांध्यांतल्या पिना आणि त्यांभोवतीची कडी (बुश) झिजलेली असतील तर यंत्र आधी सांध्यांतून हलते आणि मग बकेट उठते. चेनवर चालणाऱ्या यंत्राच्या देखभाल खर्चात निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या चेनचा, तिच्याखालच्या रोलरचा आणि ती फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा (स्प्रॉकेट) असतो, म्हणून वाकून खाली बघावे. रंगाकडे बघू नये.

विकायचेही नाही आणि तोडायचेही नाही असा आणखी एक प्रकार असतो. मी नोकरीला लागलो तेव्हा यार्डाच्या कोपऱ्यात एक डोझर ‘तात्पुरता’ उभा होता. मी निवृत्त झालो तेव्हाही तो तिथेच होता. मधल्या काळात आम्ही त्याचा रेडिएटर काढला, पंप काढला, एका बाजूचा फायनल ड्राइव्ह (चेन फिरवणारा शेवटचा गिअर) काढला. सुट्या भागांची खाण म्हणून ठेवला होता म्हणे. काढलेल्या प्रत्येक भागामागे एक उघडे तोंड राहिले; त्यातून पाऊस आत गेला आणि तेल बाहेर आले. शेवटी खाणीत काही उरले नाही, खालची जमीन मात्र काळी झाली. भाग काढून ठेवायचे तर यंत्र थांबल्याच्या महिन्यातच काढावेत, तोंडे बंद करावीत, सांगाडा पाठवून द्यावा. चांगल्या पंपाला, इंजिनाला, गिअरबॉक्सला दुसरा जन्म मिळतो. कॅटरपिलरने जुने भाग परत घेऊन नव्यासारखे करून विकायला १९७३ मध्येच सुरुवात केली होती. आमचा पंप चार वर्षे ओल्या शेडमध्ये पडून गंजला.

आता तोडण्याबद्दल. लोकांना वाटते, भंगारवाला आला, गॅस कटर लावला, काम संपले. मोटार तोडणे आणि २० टनांचे यंत्र तोडणे यांत फार फरक आहे आणि तो न समजल्याने हातपाय जातात, जीवही जातात. चेन ताणून धरायला आत एक जाड स्प्रिंग असते, ती कारखान्यातच कित्येक टनांच्या दाबाखाली आवळून बसवलेली असते. बाहेरून दिसते ती नुसती नळी. तिला कटर लागला की आतला ऐवज तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. चेन ढिली करण्यासाठी ग्रीसचा व्हॉल्व्ह असतो, तोही एका फेऱ्यापेक्षा जास्त फिरवायचा नाही आणि समोर उभे राहून तर मुळीच नाही. हायड्रॉलिकमधला (तेलाच्या दाबावर बूम, बकेट हलवणाऱ्या यंत्रणेतला) दाब साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर छोट्या गॅस सिलिंडरसारखा दिसतो. त्यात नायट्रोजन दाबून भरलेला असतो आणि इंजिन वर्षभर बंद असले तरी तो तसाच असतो. बूम वर उचललेली राहिली आणि कुणी तेलाची रबरी नळी (होज) कापली, तर ती कुणाला विचारून खाली येत नाही. म्हणून आधी बकेट, बूम सगळे जमिनीला टेकवायचे, इंजिन बंद करून लिव्हर चारही बाजूंना हलवायचे आणि उरलेला दाब सोडायचा.

डिझेलची टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहणारे पुष्कळ भेटले. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातकी, कारण आत वाफ असते. चाकाचे नट गंजून बसले म्हणून टायर बसवलेल्या रिमला कटर लावणे हा तसाच प्रकार. आतले रबर तापून त्याचा वायू होतो आणि हवा सोडलेला टायरसुद्धा फुटतो. रोलरचा ड्रम वरून नुसते पिंप वाटतो, पण चारी बाजूंनी बंद असतो. भोक न पाडता तापवला तर त्याचाही बॉम्ब होतो. फार जुन्या यंत्रांच्या ब्रेक-क्लचच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस आणि रंगात शिसे असण्याची शक्यता असते, तो धूर आणि धूळ कटरवाल्याच्या छातीत जाते. त्याच्या तोंडाला बहुतेक वेळा रुमाल असतो, तोही असला तर.

आणि तेल. वीस टनी यंत्राच्या हायड्रॉलिकमध्ये २०० लिटरच्या आसपास, म्हणजे अख्खे एक पिंप तेल असते. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, कूलंट, उरलेले डिझेल, एसीचा गॅस, शिशाच्या बॅटऱ्या हे सगळे वेगळे. हे काढण्यात अर्धा दिवस जातो, म्हणून ते काढले जात नाही. कापताना जे सांडेल ते सांडू देतात, वर माती टाकतात. मातीखालचे तेल दिसत नाही, एवढाच त्या मातीचा उपयोग. बॅटरी तेवढी कुणी सोडत नाही, शिशाला भाव येतो ना. माझा आग्रह असा, की यंत्र यार्डातून हलण्याआधीच मालकाने स्वतःच्या मेकॅनिककडून ते रिकामे करून घ्यावे. त्याची सगळी भोके-नळ्या माहीत असलेला माणूस त्याच्याकडेच असतो, भंगाराच्या आवारात नसतो.

एवढे कष्ट कशासाठी, असे मालक विचारतात. एकतर लोखंडासाठी. एक टन भंगार पोलादापासून नवे पोलाद केले की सुमारे १.४ टन खनिज आणि ७४० किलो कोळसा वाचतो, आणि एका पोकलेनच्या नुसत्या काउंटरवेटमध्येच (तोल राखायला मागे बसवलेल्या वजनात) काही टन धातू असतो. दुसरे, त्या पोरासाठी. अमेरिकेत जुनी डिझेल यंत्रे बदलायला सरकारी मदत मिळते, तिथे मदतीची अटच आहे की जुन्या इंजिनाच्या ब्लॉकला ३ इंचांचे भोक पाडायचे आणि चासीचे दांडे कापायचे. पुरावा म्हणून फोटो द्यायचे. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मेकॅनिक म्हणून पोटात कालवले. चांगल्या ब्लॉकला भोक! नंतर तो वाकडा वेल्ड आठवला आणि पटले. आपल्याला तर मदतीशिवायही हे करता येईल: भंगारात दिलेल्या यंत्राचा मुख्य सांगाडा मालकासमोर कापावा, नंबराची पट्टी त्याने स्वतःकडे ठेवावी. वेल्डिंगवर वेल्डिंग झालेल्या क्रेनच्या बूमबाबत तर यात सूट नकोच. ते पोलाद उच्च ताकदीचे असते, वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याशेजारी ते कमजोर होते आणि बाहेरून काही दिसत नाही.

संपादक महोदय, आपल्याकडून एक अपेक्षा. आपल्याला लिलाव थांबवता येणार नाहीत, पण जाहिरात घेताना दोन ओळी जास्त मागता येतील: यंत्राचे खरे तास किती, आणि मालकाने ते कामावरून का काढले. दुसऱ्या ओळीत ‘बूमला दोनदा तडा’ असे छापून आले असते, तर ते पोकलेन त्या साइटवर पोचले नसते. कोरी ठेवली असती, तरी घेणाऱ्याने निदान विचारले असते.

आपला,
एक निवृत्त वर्कशॉप फोरमन