तुझ्या "कळलं का?"चं उत्तर

लालबाग, मुंबई
२१ डिसेंबर २०२५, रविवार

प्रिय सुन्या,

१४ तारखेला सकाळी तुझा मेसेज आला. "कळलं का?" बस्स, एवढाच. मी वाचल्याच्या निळ्या खुणा तुला दिसल्या असतील, आणि मग आठवडाभर माझ्याकडून काही नाही. साल्या, टाळत नव्हतो. तीनदा टाइप केलं, तीनदा खोडलं. फोन लावला असता तर तू "बोल" म्हणाला असतास, मी "काय नाय रे, सहज" म्हणालो असतो, आणि मस्कतच्या हवेवर दोन मिनिटं काढून ठेवून दिला असता. म्हणून शेवटी कागद घेतला. पोस्टात टाकतो की फोटो काढून पाठवतो ते बघू.

इकडे सगळं ठीक. माझी शुगर काठावर आहे, आईचा गुडघा आहे तसाच.

तर, कळलं. डब्ल्यूडब्ल्यूईच्या त्या आधीच ठरलेल्या कुस्त्यांमधला माझा जॉन सीना, त्याची शेवटची मॅच.

रविवारी पहाटेच चिकूने मला हलवून उठवलं. अंगात तो दादरच्या फुटपाथवरून घेतलेला टीशर्ट, ज्याच्यावर 'नेव्हर गिव्ह अप'मधला एक 'व्ही' छापणाऱ्याने खाल्लाय. बायको म्हणाली, शाळेला उठत नाही आणि त्या टकल्यासाठी उठतो. (टक्कल सीनाला पडलंय, हे तिच्या लक्षात आहे आणि माझं नाही, म्हणून मी गप्प बसलो.) शेवटची मॅच, वॉशिंग्टन, समोर गुंथर. हरणार हे मला माहीत होतं. तुलाही होतं. जाणाऱ्याने पाठ टेकून जायचं हा या धंद्याचा रिवाज, तो तूच मला करी रोडच्या पुलावर वडापाव खाता खाता शिकवलायस. चिकूलाही मी आदल्या रात्री हळूहळू तयार करून ठेवलं होतं, पेशंटच्या नातेवाइकाला करतात तसं.

पण पाठ टेकलीच नाही रे. गुंथरने मागून गळ्याला विळखा घातला, हा सुटला. परत घातला, परत सुटला. शेवटच्या वेळी चिकू सोफ्यावर उभा राहून ओरडत होता. आणि सीना हसला. तू पाहिलंस ना ते हसू? हसला आणि हार मान्य म्हणून हात थोपटला. वीसेक वर्षांत ज्याने टॅप केलं नाही त्याने हसत हसत केलं. नंतर तिथल्या पब्लिकने हे सगळं ठरवणाऱ्या ट्रिपल एचला जी हुर्यो दिली ती मी खिडक्या लावून आमच्या घरातही दिली.

चिकू रडला नाही. रडला असता तर सोपं होतं. त्याने विचारलं, "बाबा, हरायचं ठरलं होतं ना? मग टॅप करायचंपण ठरलं होतं?"

याचं उत्तर माझ्याकडे नाही. आठवडाभर लोकलमध्ये, ऑफिसात, अगदी दाढी करताना हेच चाललंय. पाठ लावणं समोरच्याच्या हातात असतं. तुझ्यात जोर कमी पडला, तीन मोजले, संपलं, त्यात लाज नाही. पण हात थोपटणं ज्याचं त्याच्या हातात असतं. म्हणजे तो मागतोय, बाबा सोड. ज्या माणसाने वीस वर्षं टॉवेलवर, टोपीवर, मनगटाच्या पट्ट्यावर 'हार मानू नकोस' छापून विकलं, त्याच्या शेवटच्या मिनिटाला नेमकं तेच लिहायचं? साधा पाठ टेकण्याचा पिनफॉल काय महाग होता?

आता तू म्हणशील, या माणसाच्या बुकिंगवर, त्याला कसं हरवायचं त्या ठरवाठरवीवर, तू रडतोयस? ज्याला मी 'पाच मूव्हचा मजूर' म्हणायचो? म्हण. २०११ मध्ये शिकागोला सीएम पंकने त्याला हरवलं तेव्हा तू गल्लीत पेढे वाटलेस, ते मी अजून पचवलेले नाहीत. आणि हे वर्ष तर तुला चेष्टेला आयतंच मिळालं. मार्चमध्ये टोरांटोला चॅम्पियन कोडीला नको तिथे फटका मारून खलनायक झाला. ज्या रॉकच्या इशाऱ्यावर झाला तो रॉक वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोला, रेसलमेनियाला, फिरकलासुद्धा नाही. त्याच्या जागी एक रॅपर येऊन ढवळाढवळ करून गेला, आणि तेवढ्यावर आमचा जगज्जेतेपदाचा सतरावा पट्टा, रिक फ्लेअरचा विक्रम मोडणारा. मला त्या दिवशी आनंद झाला नाही हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. वीस वर्षं वाट बघितलेला खलनायक ऑगस्टमध्ये, समरस्लॅम या मोठ्या शोच्या तोंडावर, परत सज्जन. एवढ्या लवकर तर आपले आमदारही घरवापसी करत नाहीत.

पण ते सगळं मी गिळलं. हे गिळता येत नाही.

बरं, गुंथरला काय कमी होतं? ६६६ दिवस इंटरकॉन्टिनेंटल हा दुय्यम पट्टा बाळगून झालाय. जुलैमध्ये गोल्डबर्गला त्याच्या शेवटच्या मॅचमध्ये हरवून घरी पाठवून झालंय. तो घडलेला पैलवान आहे, त्याला आणखी एक मुंडकं कशाला? सीनाच्या समोर कोण ते ठरवणाऱ्या स्पर्धेच्या फायनलला एलए नाईट होता. त्याच्या हातून पाठ लागली असती तर उद्या तो माणूस कुठल्या कुठे गेला असता. नाहीतर डॉमिनिक तरी. नोव्हेंबरात सीनाने त्याचाच पट्टा घेतला आणि महिना व्हायच्या आत त्यालाच परत दिला, म्हणजे देणंघेणं चालूच होतं.

हे लिहिताना पेन थांबलं. कारण हे माझं नाहीच, हे तुझं आहे. "लेस्नरला याची काय गरज होती?" ७ एप्रिल २०१४, तुझं घर, सकाळ. तिकडे न्यू ऑर्लिन्सला लेस्नरने तुझ्या अंडरटेकरला हरवलं, रेसलमेनियातली त्याची पहिली हार, पाटीवर २१-१ आलं, आणि तो चष्मेवाला प्रेक्षक तोंड उघडं टाकून बघत राहिला, ज्याचं नंतर सगळ्या जगाने चित्र केलं. तुझं तोंड बंद होतं. काकूंनी पोहे आणले ते तसेच राहिले. आणि मी अण्णांच्या खुर्चीत बसून, मांडी घालून, हसत म्हणालो होतो, "अरे ठरलेलं असतं सगळं. तुझ्या बापाचं काय गेलं?"

तोंडातून निघाल्यावर मला ते ऐकू आलं. तुलाही आलं. काकू आत निघून गेल्या. अण्णांना जाऊन तेव्हा किती दिवस झाले होते ते तुला मी सांगायला नको.

तू मला हाकललं नाहीस. पोहे पुढे केलेस. नंतर चार महिने बोलला नाहीस, आणि मी पक्याला सांगत फिरलो की सुन्या अंडरटेकर हरला म्हणून रुसलाय. तू तेव्हा लेस्नरवर बोलत नव्हतास हे मला माहीत होतं. अण्णा अंडरटेकरला 'यमदूत' म्हणायचे. रात्रपाळीहून आले की कपडे न बदलता पहिली चौकशी, यमदूत कधी आहे. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंग आणि किंगकाँग हे पैलवान बघितलेला माणूस. "नुरा कुस्ती आहे पोरांनो, सगळी नुरा कुस्ती," असं म्हणत म्हणत खुर्चीच्या टोकावर येऊन बसायचा. आपण विचारायचो, मग बघता कशाला? तर म्हणायचे, "बघू तरी काय ठरवलंय."

सुन्या, मी तेव्हा उलटं समजत होतो. ठरलेलं आहे म्हणजे लागायचं काय, असं. खऱ्या कुस्तीत निदान कमी पडला म्हणून हरला. इथे कुणीतरी खोलीत बसून, चहा पिऊन, तुझ्या माणसाचं काय करायचं ते ठरवलेलं असतं. त्यांना तो नको झालेला असतो. राग यायचा तो याचाच. फेब्रुवारीत नगरला महाराष्ट्र केसरीत पाठ टेकली की नाही यावरून पंचाला लाथ बसली, तेव्हा आपण दोघं फोनवर तासभर हसलो होतो. तिथे निदान लाथ मारायला पंच तरी असतो.

आणि तरीही ते हसू. चिकू झोपल्यावर मी परत परत बघतो. कधी वाटतं, त्याने स्वतःच सांगितलं असेल, असंच करा म्हणून. बूट आणि पट्ट्या रिंगमध्ये ठेवून इतका शांत निघून गेला तो. तसं असेल तर माझी ही सगळी आरडाओरड फुकट. आणि तसं नसेल तर त्याने बारा तासांची ड्युटी संपवणाऱ्या माणसासारखं निमूट कार्ड पंच केलं. यातलं काय झालं असेल ते तू सांग. तुला माणसांचे चेहरे कळतात, मला मूव्ह कळतात.

वहिनींना तिकडे नोकरी लागली असं पक्या म्हणाला, अभिनंदन सांग. ओवी कितवीत गेली? तुझ्या प्रमोशनचं पुढे काय झालं? सगळं सविस्तर लिही. काकूंना भेटून ये म्हणालास ते राहिलंय. पुढच्या रविवारी चिंचपोकळीला जाऊन येतो, चिकूलाही नेतो. ती खुर्ची अजून आहे म्हणे. मी खाली सतरंजीवर बसेन.

गुंथरबद्दल मात्र मी एक इंचही मागे हटलेलो नाही. एलए नाईटला द्यायला हवी होती. तुझं म्हणणं वेगळं असणार, तर नीट मुद्दे काढून लिही, नुसतं "कळलं का" नको.

तुझा,
बाळ्या

ता. क. हे पत्र पक्याला दाखवू नकोस. त्याचं आपलं एकच, ठरलेलं असतं.