हिरवा सदरा सोनेरी का दिसतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अंतराळातल्या मालिकांचे चाहते म्हणजे जाहिरातींना भुललेली पोरं, असा एकूण सूर गेल्या रविवारच्या पुरवणीतल्या लेखात होता. जाहिरात पाहून माणूस फार तर एकदा तिकीट काढेल. बंद पडलेल्या मालिकेचा सदरा तो पन्नास-साठ वर्षांनी शिंप्याकडून शिवून घेत बसला असेल, तर त्याचं कारण जाहिरातीत सापडणार नाही.

अंतराळयानातल्या माणसांची 'स्टार ट्रेक' ही दूरचित्रवाणी मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत सुरू झाली आणि तीन हंगाम, ७९ भाग करून १९६९ मध्ये गुंडाळली गेली. व्यवहाराच्या भाषेत ही पडलेली मालिका. दुसऱ्या हंगामातच ती बंद होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा बीजो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्यानं पत्रमोहीम उभी केली. तिचा नियम साधा होता : प्रत्येकानं दहा जणांना पत्र लिहायला सांगायचं आणि त्या दहांनी पुढच्या दहांना. वाहिनीनं मालिका ठेवली खरी, पण तिला वेळ दिली शुक्रवारी रात्री दहाची. ज्या वयाची मुलं ती बघायची, ती त्या वेळी घरात कुठली असायला!

चाहत्यांचं वेड खरं वाढलं ते मालिका बंद पडल्यावर. गावोगावच्या छोट्या वाहिन्यांनी जुने भाग विकत घेतले आणि बऱ्याच ठिकाणी रोज दाखवले. एकच भाग पाचव्यांदा बघणाऱ्याला गोष्ट पाठ असते. त्याची नजर मग भिंतीवरच्या बटणांवर आणि बाहीवरच्या पट्टीवर जाते. त्याला चुका सापडू लागतात. सुरुवातीच्या एका भागात यानाच्या कर्णधाराच्या थडग्याच्या दगडावर 'जेम्स आर. कर्क' असं कोरलेलं आहे. पुढे तो कायम 'जेम्स टी. कर्क'. निर्मात्यांच्या हातून झालेली ही चूक, पण 'आर'चा अर्थ लावण्यात किती जणांच्या संध्याकाळी गेल्या असतील! आपल्याकडे कर्णाच्या कवचकुंडलांवर पारावर वाद रंगतो, त्यातलाच हा प्रकार. गोष्टीला नियम पक्के हवेत आणि मध्ये फटी राहिलेल्या हव्यात. नियमच नसतील तर वाद कशाच्या आधारावर घालणार? आणि सगळंच सांगून टाकलं तर ऐकणाऱ्याला काम काय उरतं?

हे 'काम' म्हणजे काय, ते सोलापूरकरांना कापडाच्या भाषेत लगेच कळेल. त्या मालिकेत गणवेशाचे तीन रंग होते : शास्त्रज्ञ-डॉक्टरांना निळा, अभियंते आणि सुरक्षारक्षकांना लाल, आणि हुकूम देणाऱ्यांना सोनेरी. पण तो सोनेरी सदरा मुळात हिरवा होता. कापड व्हेलूरचं. टेरी टॉवेलचे लूप वरून कातरले की जी मऊ, चमकणारी लव मिळते, तसा त्याचा पोत. स्टुडिओच्या प्रखर दिव्यांखाली आणि त्या काळच्या फिल्मवर हा हिरवा सोनेरी उतरला. कर्णधार अधूनमधून वेगळ्या कापडाचा अंगरखा घालतो, तो मात्र पडद्यावरही हिरवाच दिसतो. दुकानात ट्यूबलाइटखाली पसंत केलेली चादर घरी उन्हात धरली की छटा बदलते, हे इथल्या कुठल्याही गिऱ्हाइकाला माहीत आहे.

आता सदरा शिवायचा तर आधी ठरवावं लागतं, की पडद्यावर दिसला तो रंग घ्यायचा की कपडेपटात होता तो. चाहत्यांत यावरून दोन तट आहेत आणि दोघांचंही म्हणणं बरोबर आहे. पुढची गोष्ट आटण्याची. मूळ सदरे धुतले की आटायचे, नटांच्या अंगाला आवळायचे. म्हणून तिसऱ्या हंगामात व्हेलूर सोडून नायलॉनचं कापड घेतलं. तेव्हा व्हेलूर घेतलंच तर कापण्याआधी धुऊन, वाळवून घ्यावं. ५८ इंची पन्हा असेल तर मध्यम अंगाला दीड मीटर पुरतं, पण आटण्यासाठी पाव मीटर जास्त धरलेलं बरं. सगळे तुकडे लव एकाच दिशेला ठेवून कापायचे. कापड वाचवायला म्हणून बाही उलटी मांडली की शिवल्यावर बाही गडद आणि छाती फिकी दिसते, आणि ते उसवूनही सुधारत नाही. इस्त्री उलट्या बाजूनं, हलक्या हातानं. नाहीतर लव बसते आणि तिथं चकचकीत डाग उरतो.

गणवेश शिवणाऱ्या या गावात एवढं सांगायचीही गरज नाही म्हणा. पण यातली प्रत्येक पायरी चाहत्याला पुन्हा त्या ७९ भागांकडे पाठवते. शिलाईचे पैसे देऊन आणि हात खर्ची घालून मिळवलेली वस्तू सहजासहजी सुटत नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजांपुढे चालणाऱ्याला त्या कपड्यानं काय होतं हे विचारा. श्रद्धेची आणि करमणुकीची तुलना मला करायची नाही. पण एकसारखा कपडा अनोळखी माणसाला शेजारचा करतो, हे दोन्हीकडे खरं आहे.

कामाचे आणखी प्रकार आहेत. 'स्टार ट्रेक'मधल्या क्लिंगॉन या परग्रहवासीयांची भाषा मार्क ऑक्रँड या भाषातज्ज्ञानं रचली आणि १९८५ मध्ये तिचा शब्दकोश निघाला. तिच्यात आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता. म्हणजे 'मुलगा आंबा खातो' हे 'आंबा खातो मुलगा' असं म्हणायचं. ही भाषा लोक खरोखर शिकले. ब्रिटनमध्ये 'डॉक्टर हू' या विज्ञानमालिकेच्या जुन्या टेप बीबीसीनं पुसून टाकल्या. नव्वदहून अधिक भागांची चित्रं आजही हाती नाहीत. पण त्या भागांचा आवाज सगळा शाबूत आहे, कारण काही प्रेक्षकांनी प्रसारण चालू असताना घरी तो ध्वनिमुद्रित करून ठेवला होता.

चाहत्यांचा राग का पेटतो, तेही यातूनच कळतं. 'स्टार वॉर्स'च्या १९७७ च्या चित्रपटात खानावळीतल्या झटापटीत हान सोलो हा तस्कर स्वतःहून गोळी झाडतो. १९९७ च्या सुधारित प्रतीत समोरचा आधी झाडतो, असा बदल केला. जेमतेम क्षणभराचा फरक, पण ज्यांनी त्या माणसाचा स्वभाव त्या एका गोळीवरून ठरवला होता, त्यांचा अख्खा हिशेब चुकला. या रागाची परिणती कधी कधी नटनट्यांना शिवीगाळ करण्यात होते, आणि तिथं चाहत्यांची बाजू घेता येत नाही.

मराठीत विज्ञानकथा कमी नाहीत. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी स्वतःची आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' या नावानं 'कृष्णविवर' पाठवली आणि बक्षीस मिळवलं. पण आपल्या बहुतेक कथा एकेकट्या. कथा संपली की ते जगही मिटतं. एकाच यानाची, त्याच माणसांची, त्याच नियमांची पंचवीस-तीस कथांची माळ कोणी लिहिली, तर इथंही बाहीवरच्या पट्ट्या मोजणारे निघतील.

पट्ट्यांवरून आठवलं. आपल्या लेखासोबतच्या रेखाचित्रात कर्णधाराच्या बाहीवर तिन्ही पट्ट्या अखंड काढल्या आहेत. वरची आणि खालची अखंड, मधली मात्र तुटक हवी. कृपया दुरुस्ती छापावी.

आपला,
एक वाचक, सोलापूर