नाकात पाणी जाऊ नये म्हणून: अ‍ॅडॉल्फ किफर यांना एक आभारपत्र

ती. किफर आजोबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं-माझं नातं काही नाही. तुम्ही अमेरिकेतल्या शिकागोचे नामांकित जलतरणपटू, मी ठाण्याची. 2017 च्या मे महिन्यात तुम्ही गेलात तेव्हा मला तुमचं नावही माहीत नव्हतं. तरी ‘ती.’ लिहिलंय, कारण पन्नाशी उलटल्यावर मी पाण्यात उतरले ती बरीचशी तुमच्या जिवावर.

पदकाचं थोडक्यात उरकते. 1935 मध्ये, शाळेत असतानाच, तुम्ही 100 यार्ड बॅकस्ट्रोक, म्हणजे पाठीवरचं पोहणं, एका मिनिटाच्या आत पोहलात. तोवर जगात कुणाला ते जमलं नव्हतं. पुढच्याच वर्षी बर्लिन ऑलिंपिकमध्ये 100 मीटरचं सुवर्ण, वेळ 1 मिनिट 5.9 सेकंद. तो ऑलिंपिक विक्रम मोडायला 1952 उजाडावं लागलं. 1940 आणि 1944 ची ऑलिंपिकं दुसऱ्या महायुद्धात बुडाली आणि तुमची ऐन भरातली वर्षं त्यांच्यासोबत गेली. दोन हजारांवर शर्यतींत तुम्ही दोनदाच हरलात असं सांगतात. सगळं थोरच आहे, पण आमच्या दुपारच्या लेडीज बॅचला त्याचा काय उपयोग?

उपयोग झाला तो कालव्याच्या गोष्टीचा. लहानपणी तुम्ही शिकागोतल्या एका कालव्यात पडलात, नाकात पाणी गेलेलं सोसेना म्हणून पाठीवर वळलात आणि तसेच हातपाय मारत सुटलात, हे तुम्ही म्हातारपणीही सांगायचात. ऑलिंपिक जिंकणारा माणूस नाकाच्या भीतीने उताणा झाला! मला यातून जेवढा धीर आला तेवढा कुणाच्या उपदेशाने आला नव्हता. आमच्या गावी विहिरीवर पोरांच्या पाठीला डबा नाहीतर सुका भोपळा बांधायचे आणि बेसावध असताना मागून ढकलायचे. माझे भाऊ असेच शिकले. आम्ही मुली काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचो.

युद्ध सुरू झालं, तुम्ही अमेरिकी नौदलात गेलात आणि खलाशांना पोहायला शिकवण्याचं काम तुमच्याकडे आलं. शत्रूच्या गोळ्यांपेक्षा बुडून जास्त माणसं जाताहेत, हे तुम्हाला तिथे दिसलं. नोकरी जहाजावर आणि पोहता येत नाही! (आम्ही काय हसणार म्हणा. मुंबई-ठाण्याच्या खाडीकाठी जन्म काढून पाण्यात घोट्याच्या वर न गेलेली माणसं माझ्याच घरात आहेत.) एखाद्या चॅम्पियनने अशा वेळी आपला वेग शिकवायला घेतला असता. तुम्ही आधी वेग काढून टाकलात. पाठीवर पडा, तोंड हवेत ठेवा, श्वास घ्या, हात-पाय सावकाश चालवा, दमू नका. त्या साध्या पोहण्याला तुम्ही ‘व्हिक्टरी बॅकस्ट्रोक’ म्हणालात आणि ते शिकवणारे तेरा हजारांवर प्रशिक्षक तयार केलेत. माझ्या मते तुमच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं काम हेच, बर्लिन त्यानंतर.

आमच्या कोच मॅडम तुमचं नाव घेत नाहीत, बहुधा त्यांनाही ते माहीत नसावं. पण ओरडतात ते तुमचंच. “कान पाण्यात! हनुवटी वर! पोट वर! खुर्चीत बसल्यासारखं नको!” घाबरलं की मान उचलली जाते, मान उचलली की कंबर खाली जाते, आणि कंबर गेली की पुढचा घोट ठरलेला. छातीत हवा भरून मान सैल सोडली की मात्र पाणी चक्क उचलून धरतं. कान बुडाल्यावर तलावावरचा सगळा गलका बंद, फक्त आपला श्वास. वर पत्रे, पत्र्यांवर कबुतरं. तलावावर आडव्या बांधलेल्या पताका डोक्यावरून सरकल्या की भिंत पाच मीटरवर आली, हात मोजायचे.

नौदलानंतर 1947 मध्ये तुम्ही पोहण्याच्या सामानाचा धंदा काढलात, त्याचेही आभार मानायचेत. पूर्वी लेनची, म्हणजे दोघांच्या पट्ट्यांमधली, दोरी म्हणजे दोर आणि त्यात ओवलेली बुचं. शेजारच्याने उडवलेली लाट खुशाल पलीकडे यायची. उताण्या माणसाला लाट येताना दिसत नाही, ती थेट नाकात शिरते. तुम्ही लाट मोडणाऱ्या दोरीचं पेटंट 1960 च्या दशकात घेतलंत. आज तिच्या चकत्या गरगर फिरतात आणि लाटेचा जोर तिथेच जिरतो. पलीकडे कॉलेजच्या पोरी बटरफ्लायचा धुमाकूळ घालत असतात आणि मी अलीकडे शांतपणे उताणी. तक्रार एकच, चकतीवर कोपर घासलं की दोन दिवस चुरचुरतं.

आणि नायलॉन! लोकरीच्या, सुती कपड्यांच्या जागी हलके नायलॉनचे पोहण्याचे कपडे आणण्यात, 1948 च्या सुमाराला, तुमचा हात होता. आमच्यातल्या एक काकू पहिल्या दिवशी सुती पंजाबी ड्रेसमध्ये उतरल्या होत्या. भिजलेली सलवार एका हाताने धरायची आणि दुसऱ्याने बार, मग पोहायचं कशाने? आता त्या गुडघ्यापर्यंतच्या नायलॉनच्या पोशाखात येतात आणि बॅचमध्ये सगळ्यांच्या आधी तलावाची रुंदी पाठीवर पार करतात.

नव्वदी ओलांडल्यावरही तुम्ही पाण्यात उतरत होतात, तेव्हा माझ्या हातात अजून बराच वेळ आहे असं समजते. मे महिन्यात भाचरं सुट्टीला येतील. मुलींची नावं आधी घालणार आहे. मॅडमना सांगून ठेवलंय, पहिले काही दिवस पाण्यात तोंड घालायला लावू नका, नुसतं उताणं तरंगू द्या.

कळावे, लोभ असावा,
लेडीज बॅचमधली एक